मारबत म्हणजे बांकाबाई नव्हे

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. त्याच दिवशी इतवारीतून काळी आणि जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत निघते. बांबू-कागदाच्या या अवाढव्य बायका, त्यांच्यामागून निघणारे बडगे नावाचे पुतळे, ढोलताशे आणि माणसांनी भरलेल्या गच्च्या अशी ती मिरवणूक असते. दोन्ही मारबती समोरासमोर आल्या की गर्दीतून आरोळी उठते, ‘घेऊन जा गे मारबत!’ मिरवणूक संपली की त्यांचे दहन होते. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात.

या दिवसाविषयी दोन वाक्ये दरवर्षी छापली, बोलली आणि मोबाइलवरून फिरवली जातात. पहिले वाक्य असे की मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली भोसल्यांची राणी बांकाबाई. दुसरे अलीकडचे आहे. मारबत म्हणजे नागपूरचे हॅलोवीन, असे ते सांगते. ही दोन्ही वाक्ये खोडून काढायला हवीत. पहिल्या वाक्यामुळे इतिहासातल्या एका स्त्रीचे नाव दरवर्षी भर चौकात जाळले जाते आणि पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्यांचा एक विधी राजवाड्यातल्या भांडणाच्या खाती जमा होतो. दुसऱ्यामुळे तोच विधी परक्या सणाची नक्कल वाटू लागतो.

आधी राणीची कथा पाहू. बांकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्यामुळे भोसल्यांचे राज्य गेले, लोक संतापले आणि त्यांनी तिचा पुतळा जाळायला सुरुवात केली, असे ती कथा सांगते. बायकोची फितुरी नवरा मुकाट्याने पाहत राहिला म्हणून त्याचाही पुतळा निघू लागला आणि तोच बडग्या, अशी तिला जोड दिली जाते. ऐकायला हे सगळे नीट जुळते. पण कथेत कोणाचेही साल नाही, आणि साले मांडायला घेतली की ती पहिल्याच पायरीवर अडखळते.

बांकाबाईंचे पती म्हणजे दुसरे रघुजी भोसले. १८०३ च्या युद्धात दौलतराव शिंद्यांच्या बरोबरीने इंग्रजांविरुद्ध उभे राहिलेले हेच ते रघुजी. असई, अडगाव आणि गाविलगड येथे पराभव पत्करावा लागला, १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला, कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला. एवढे गमावल्यावरही इंग्रजांची तैनाती फौज दारात उभी करायला ते अखेरपर्यंत राजी झाले नाहीत. २२ मार्च १८१६ रोजी त्यांचा मृत्यू झाला. नागपूरवर तैनाती फौजेचा तह लादला गेला तो त्यांच्या मृत्यूनंतर. मेलेल्या माणसाने बायकोची कोणती फितुरी मुकाट्याने पाहिली? तान्हा पोळा याच दुसऱ्या रघुजींनी सुरू केला, असे नागपूरकर अभिमानाने सांगतात. म्हणजे ही कथा खरी मानली तर एकाच दिवशी, एकाच शहरात, एकाच राजाच्या नावाने मुले लाकडी नंदी सजवतात आणि मोठी माणसे त्याला बडग्या करून जाळतात.

मग फौज आणणारा तह केला कोणी? रघुजींनंतर त्यांचा मुलगा परसोजी गादीवर आला. तो शरीराने आणि मनानेही दुबळा होता. कारभार कोणी करायचा यावरून दरबारात दोन पक्ष पडले. एक बांकाबाईंचा आणि दुसरा परसोजीचा चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांचा. आप्पासाहेबांनी बांकाबाईंच्या पक्षावर मात केली आणि आपली बाजू भक्कम करण्यासाठी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मृतावस्थेत आढळला आणि आप्पासाहेब राजे झाले. पुढे नोव्हेंबर १८१७ मध्ये तेच इंग्रजांवर उलटले, सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि नागपूरच्या स्वातंत्र्याचा शेवट जवळ आला. सीताबर्डीला लढल्याबद्दल आप्पासाहेबांचा आदर राखावा, यात वाद नाही. पण ज्या कागदामुळे इंग्रजी फौज नागपूरच्या राजकारणात कायमची शिरली तो त्यांच्या कारभारातला आहे, आणि त्या वेळी बांकाबाई हरलेल्या पक्षात होत्या. पुतळा मात्र फक्त बाईच्या नावाने जळतो.

बांकाबाई इंग्रजांच्या वैरी होत्या असा मात्र याचा अर्थ नाही. १८१८ मध्ये आप्पासाहेबांना काढल्यावर दुसऱ्या रघुजींच्या मुलीच्या मुलाला तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवले गेले. तो अज्ञान होता, म्हणून पालक म्हणून बांकाबाईंचे नाव पुढे होते आणि खरी सत्ता रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हाती होती. १८५७ मध्ये त्यांनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले, आणि मराठी मुलूख शांत राहिला त्याचे मोठे श्रेय इंग्रज लेखकांनी त्यांना दिले. हे नाकारायचे कारण नाही. कथेला धरून राहणाऱ्यांचा सगळ्यात मजबूत पुरावा हाच आहे.

पण त्याच बाईंचे १८५४ सालही आहे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी वारले. त्यांना मूल नव्हते. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून राज्य खालसा केले. वाड्यातले दागिने, हत्ती, घोडे, बैल विक्रीला काढले गेले. वृद्ध बांकाबाई तेव्हा विरोधात उभ्या राहिल्या. वाड्यातले सामान हलवाल तर वाड्यालाच आग लावीन, असे त्यांनी बजावल्याची नोंद जॉन के या इंग्रज इतिहासकाराने १८५७ वरील आपल्या ग्रंथात केली आहे. राज्य हातचे गेल्यावर तीन वर्षांनी, उरलेसुरले वाचवण्यासाठी त्यांनी इंग्रजांशी जमवून घेतले. याला दुबळेपणा म्हणा, हिशेबी धोरण म्हणा. राज्य त्यांच्या फितुरीने बुडाले, हे वाक्य मात्र एकाही तारखेला टिकत नाही. १८५८ मध्ये त्या वारल्या. काळी मारबत त्यानंतर तेवीस वर्षांनी निघाली. ताज्या संतापाला रस्त्यावर यायला एक पिढी लागत नाही.

वाड्यातला हा सगळा वाद घटकाभर बाजूला ठेवला तरी कथा उगमापर्यंत पोहोचत नाही, कारण उगम वाड्याच्या दिशेला नाहीच.

नागपूर सोडून भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या गावांत जावे. तिथे राणी नाही, वीस-वीस फुटांचे पुतळे नाहीत, तरी मारबत आहे. पोळ्याला दारात लावलेल्या पळसाच्या डहाळ्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे उचलायच्या, ओढत शिवेपर्यंत न्यायच्या, तिथे टाकायच्या किंवा जाळायच्या, आणि वाटेत मोठमोठ्याने मारबतीला सांगायचे की जाताना सगळे घेऊन जा. पुढे मध्य प्रदेशातल्या बालाघाट-सिवनीकडे गेले की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हाच प्रकार दिसतो. तिथे तिचे नाव नारबोद किंवा मारबोद होते. भाषा बदलते, पण दिवस, शीव आणि आरोळी तीच राहते. नागपूरच्या एका पेठेत १८८१ साली एका राणीवरच्या रागातून जन्मलेला प्रकार एवढ्या मुलखात, एवढ्या जातींत आणि दोन-तीन बोलींत पसरला, तोही राणीचे नाव वाटेत कुठेही न सोडता, हे मानायला फार मोठा भाबडेपणा लागतो. गावचा विधी शहरात आला आणि बाजारपेठेच्या शहराला शोभेल एवढा मोठा झाला, हा उलगडा कितीतरी सरळ आहे. इतवारी आणि बुधवारी या व्यापाऱ्यांच्या, तेल्यांच्या, कोष्ट्यांच्या, कारागिरांच्या वस्त्या. त्यांच्याकडे हात होते, बांबू होता, कागद होता आणि मिरवणूक पाहायला अख्खे शहर होते.

आता आरोळी ऐकावी. मारबतीने न्यायचे आहे काय? खासी, खोकला, ताप, रोगराई, डास, माश्या, गोचीड, ढेकूण. इडापिडा या एका शब्दात जे जे मावते ते सगळे. फितुरी या यादीत कुठेच नाही. विधीचा अर्थ विधीच्या तोंडून ऐकायचा असेल तर तो इथे मोठ्याने सांगितला जातो.

आणि वेळ पाहावी. श्रावण सरलेला, भाद्रपद लागलेला. धान बांधीत उभे, कापूस हिरवागार, आणि दोन्हींवर किडीचे सावट. डबक्यांत डास, घरात ओल, विहिरीत गढूळ पाणी. पटकी आणि हिवताप गावेच्या गावे झोपवत त्या काळात वर्षातले हे दिवस सगळ्यात धास्तीचे होते. बैलाचा मान करून झाला की लगेच दुसऱ्या सकाळी गावातले दुखणे बाहेर काढायचे, हा क्रम शेतकऱ्याच्या वर्षाला अगदी धरून आहे. मराठी मुलखाला तो नवाही नाही. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे लोटण्याची चाल महाराष्ट्रात होती. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवत, केरसुणी फिरवत अलक्ष्मीला घराबाहेर काढतात, त्यामागची समजूतही हीच. फ्रेझर या स्कॉटिश अभ्यासकाने आपल्या ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथात मध्य प्रांतातली एक चाल नोंदवली आहे. पटकी आली की पुजारी घराघराच्या छपरातली एकेक काडी उपसून गावाच्या पूर्वेकडच्या देवस्थानी जाळत, आणि शेंदूर फासलेल्या कोंबड्या धुराच्या दिशेने हाकलत. त्या कोंबड्या रोग सोबत नेतात अशी समजूत होती. मारबत जे काम करते तेच या कोंबड्या करत. फरक एवढाच की मारबतीने आजाराची वाट पाहिली नाही. तिचा दिवस पंचांगाला बांधला गेला.

नावाबाबतही असाच विचार हवा. ‘मार’ म्हणजे मारणे, म्हणून मारबत, असे कोणी सांगतात. नारबोद या रूपापुढे ही फोड टिकत नाही. पटकीला मराठीत मरी म्हणत आले आहेत, मरीआई तिची देवता आहे, तेव्हा मारबत-मारबोद या रूपांत मरीचा सूर ऐकू येणे स्वाभाविक आहे. आरोळीतल्या यादीशीही तो जुळतो. पण कोणत्याही रूपात, कोणत्याही गावी, बांकाबाईंच्या नावाचे एक अक्षरही सापडत नाही. राग एका माणसावर असेल तर लोक त्याचे नाव घेतात. इथे नाव आधीपासून वेगळेच आहे आणि राणी त्याला बाहेरून येऊन चिकटली आहे.

मारबतीची आणखी एक कथा पूतनेची. कृष्णाने पूतनेला मारले, गोकुळातल्या लोकांनी तिचे शरीर गावाबाहेर नेऊन जाळले, तीच मारबत, असे सांगतात. इतिहास म्हणून ही कथाही उगम ठरत नाही, पण तिला सरसकट झटकून टाकणे चूक होईल. पूतना केवळ पुराणातली राक्षसी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना पछाडणारे नऊ ग्रह सांगितले आहेत. त्यांत पूतना आहे, अंधपूतना आहे, शीतपूतनाही आहे. प्रत्येकीची लक्षणे आणि उपाय दिलेले आहेत. आजारी पडलेल्या तान्ह्या मुलाच्या दुखण्याला प्राचीन वैद्यकाने दिलेले नाव म्हणजे पूतना. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मुलांच्या सणाला, पूतनेची आठवण होणे म्हणूनच निरर्थक नाही. ज्यांनी ही कथा मारबतीला जोडली त्यांना विधी नेमका कळला होता. त्यांनी रोगाला रोगाचेच नाव दिले. राणीची कथा जोडणाऱ्यांनी रोगाच्या जागी एक बाई बसवली.

पिवळ्या मारबतीचा प्रश्न तर राणीच्या कथेला सुटतच नाही. काळी जर बांकाबाई, तर चार वर्षांनी निघालेली पिवळी कोण? कथा तिथे गप्प बसते. पिवळीला लोक देवी मानतात, तिची पूजा करतात. देशद्रोह्याच्या पुतळ्यापुढे कोणी हात जोडत नाही. गावातले अरिष्ट अंगावर घेऊन निघालेल्या देवीपुढे मात्र जोडतात, जसे मरीआईपुढे जोडतात. भीती आणि भक्ती एकाच मूर्तीत नांदणे आपल्या ग्रामदेवतांच्या जगात रोजचे आहे.

यावर मारबत काढणाऱ्या मंडळींची बाजू ऐकलीच पाहिजे. त्यांच्यापैकी अनेक जण बांकाबाईंची कथा वाडवडिलांकडून ऐकल्याचे सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. परक्या राजवटीत उघड निषेध करता येत नसताना रोगाच्या पुतळ्याआडून राजकीय राग काढला गेला असेल, हे पूर्णपणे शक्य आहे. बडग्यांची चाल आजही तेच दाखवते. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, त्या त्या वर्षी जे लोकांना छळते त्याचा बडग्या होतो. २०२० मध्ये करोनामुळे नेहमीची मिरवणूक होऊ शकली नाही, तरी आरोळीत करोना लगेच येऊन बसला. पुतळा जुना आणि त्यावर लावलेले नाव दर काळाचे नवे, असाच हा क्रम आहे. बांकाबाई हे अशाच एका काळाने लावलेले नाव. महागाईचा बडग्या निघाला म्हणून हा उत्सव महागाईमुळे सुरू झाला, असे कोणी म्हणत नाही. मग बांकाबाईंच्या बाबतीत तसे का म्हणायचे? लोकांनी एका टप्प्यावर घातलेला अर्थ आणि विधीचा उगम या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या तर मंडळांच्या परंपरेचा काहीच अपमान होत नाही. उलट १८८१ च्या मागे शिवेपर्यंत जाणारी जुनी वाट त्यांना मिळते.

राहिले हॅलोवीन. ३१ ऑक्टोबरच्या त्या रात्रीच्या नावात भूत नाही, संत आहे. ‘हॅलो’ हा संतासाठीचा जुना इंग्रजी शब्द. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती पंचांगात सर्व संतांचा दिवस, आणि त्याची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोवीन. नवव्या शतकात, ८३५ च्या सुमारास, फ्रँकांच्या साम्राज्यात १ नोव्हेंबर ही तारीख पक्की झाली. २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा दिवस क्लूनीच्या मठातून पसरला. आयर्लंडमध्ये त्याच सुमारास सावन नावाचा जुना सण होता. उन्हाळा संपून हिवाळ्याच्या दारात उभे राहण्याचा, गुरे रानातून घरी आणण्याचा तो काळ. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसे अमेरिकेत गेली, सलगमच्या जागी भोपळा आला, आणि आज मॉलमध्ये दिसणारा हॅलोवीन तयार झाला.

या सणाच्या नावाबाबतही एक बनावट कथा रुजली होती. अठराव्या शतकात चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या लष्करी अभियंत्याने सावन हे मृत्यूच्या देवाचे नाव असल्याचे लिहिले. असा देव नव्हताच. तरी ते विधान पुस्तकांतून पुढे सरकत राहिले, आणि त्याच्या आधारे या सणाला सैतानाचा सण म्हणून झोडपणारेही निघाले. नावाची चटकदार गोष्ट एकदा छापली गेली की सणाच्या माथी काय काय मारले जाते, ते तिथल्या अभ्यासकांना फार उशिरा निस्तरावे लागले.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. हॅलोवीन पीक घरात आल्यावर येतो, मारबत पीक शेतात उभे असताना. हॅलोवीनला मेलेली माणसे परत येतात अशी जुनी समजूत आहे आणि मुखवटे घातलेली मुले दारोदार जातात. मारबतीला कोणी घरी येत नाही, घरातले दुखणे बाहेर जाते. दिशाच उलटी. पुतळ्यांचे मोठे डोळे आणि बाहेर आलेले दात एवढ्यावर नाते जुळवणाऱ्यांनी हॅलोवीनचे खरे नातलग महाराष्ट्रात शोधावेत, ते सापडतील. वसईचे ख्रिस्ती २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, तो त्या सणाचा सख्खा भाऊ आहे. मृतांना जेवायला बोलावणारा पितृपंधरवडा भाद्रपदातच, मारबतीनंतर दोन आठवड्यांनी येतो. म्हणजे मेलेल्यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र दिवस आहेत आणि रोगासाठी स्वतंत्र. ही नेटकी वाटणी ‘नागपूरचे हॅलोवीन’ या दोन शब्दांत पुसली जाते, तीही केवळ बाहेरच्या पाहुण्याला चटकन समजावे म्हणून.

नागपुरात विदर्भ साहित्य संघ आहे, विदर्भ संशोधन मंडळ आहे, विद्यापीठात मराठीचा आणि इतिहासाचा विभाग आहे. पहाटे शिवेवर ओरडणारी पिढी अजून गावांत आहे. भंडाऱ्यापासून बालाघाटपर्यंत कोणत्या गावी मारबतीला काय म्हणतात, तिला काय काय न्यायला सांगतात, डहाळी कोणती, वाट कोणती, शीव कोणती, हे नोंदवायचे काम या संस्थांचे आहे आणि ते लवकर व्हायला हवे, कारण शिवा आता लेआउटखाली जात आहेत. वर्तमानपत्रांनी येत्या भाद्रपदात बांकाबाईंची कथा जरूर छापावी, पण आख्यायिका म्हणून. तिच्या शेजारी मे १८१६ चा तह कोणी केला ते छापावे, १८५४ मध्ये वाड्यासाठी कोण भांडले ते छापावे, आणि गावच्या आरोळीतली खोकल्यापासून गोचिडापर्यंतची यादी पूर्ण छापावी. मंडळांनीही आपल्या फलकावरची ‘फितूर राणी’ काढून तिथे ‘रोगराई’ लिहावे. बडग्यांसाठी आजच्या काळात जिवंत नावे भरपूर आहेत, त्यासाठी १८५८ मध्ये वारलेल्या बाईची गरज नाही.